म्हणे वर्षा उसगावकर नुसती दिसायला बरी!

चवथीची माटोळी (गणपतीवर टांगतो ती फळाफुलांची) बांधून अजून हात धुतले नव्हते आणि फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड येऊन पडला, तोही आमच्या काणकोणच्या दादानेच टाकलेला. मजकूर काय, तर वर्षा उसगावकर म्हणजे नुसतं रूप, 'गंमत जंमत' लागला म्हणून चालली, अभिनय कधी केलाच नाही, हिंदीत कोणी विचारलं नाही, लग्न झालं आणि संपली, आणि गोव्याशी नातं फक्त आडनावापुरतं. खाली सगळ्यांचे अंगठे. दादा, रागावू नको, पण हे असंच सोडून देता येत नाही रे.

आधी गोवा घे, कारण तेच मला जास्त लागलं. अरे तिचे वडील अच्युत उसगावकर मगोचे, म्हणजे मराठीचा आग्रह धरणाऱ्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे, इथल्या गोव्याच्या सरकारात मंत्री होते! मगोच्या घरात मराठी म्हणजे काय होतं ते तुला मी सांगायला नको, आपल्या आजोबांनी मतपत्रिकेवर मगोच्या सिंहावर शिक्के मारण्यात जन्म घालवला.

आता 'गंमत जंमत'. १९८७ चा, सचिनचा सिनेमा. त्यातलं लोकांच्या तोंडी बसलेलं गाणं कुठलं, तर किशोरकुमारचं 'अश्विनी ये ना', आणि ते अशोक सराफ आणि चारुशीला साबळेवर आहे, वर्षावर नाहीच. म्हणजे गाण्याने तिला वर काढलं असंही म्हणता येत नाही. शिवाय त्याआधी ती 'ब्रह्मचारी' नाटकात प्रशांत दामलेंबरोबर होती. अत्र्यांचं 'ब्रह्मचारी', ज्याच्या १९३८ च्या सिनेमात मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात आली आणि गहजब झाला, ते. त्या भूमिकेला नुसती हिंमत पुरत नाही, अत्र्यांचा विनोद वेळेवर पडायला हवा, आणि स्टेजवर रिटेक नसतो. आपल्याकडे जत्रेतल्या नाटकात एक वाक्य चुकलं तर पुढच्या जत्रेपर्यंत लोक ऐकवतात, तुला माहीत आहे, तू स्वतः खाल्लंयस.

अभिनय केला नाही म्हणतोस तेव्हा तुझ्या डोक्यात बहुतेक 'हमाल दे धमाल' छाप सिनेमे असणार. त्या काळच्या विनोदी सिनेमात हिरॉईनला मिळायचं काय, चार साड्या, दोन गाणी, आणि समोर लक्ष्या किंवा अशोकमामा, जे अख्खा पडदा खाऊन टाकायचे. त्यांच्यासमोर सरळ चेहऱ्याने उभं राहून त्यांचा विनोद पडू न देणं हे काम आहे, दिसत नाही एवढंच. आणि तेही बाजूला ठेव, १९९३ चा स्मिता तळवलकरांचा 'सवत माझी लाडकी' बघ. मोहन जोशी नवरा, नीना कुळकर्णी बायको, आणि वर्षा ती दुसरी. दुसरी बाई म्हटलं की प्रेक्षक आधीच शिव्या तयार ठेवून बसतो, आणि इथे शेवटपर्यंत तिचा राग येत नाही, उलट तिच्यासाठी वाईट वाटतं. नुसत्या रूपावर हे जमत असतं तर बऱ्याच जणींनी करून दाखवलं असतं. त्याच्या आदल्या वर्षी जब्बार पटेलांचा 'एक होता विदूषक', पटकथा पुलंची. तिथे दागिना म्हणून कोणाला घेत नाहीत.

हिंदीत तिला अव्वल नंबर मिळाला नाही हे मान्य, उगाच भांडत नाही. पण कोणी विचारलं नाही? 'महाभारत'मधली उत्तरा कोण होती मग? रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे तेव्हा आपण सगळे शेजारच्यांच्या टीव्हीसमोर दाटीने बसायचो, आठव. पुढे 'दूध का कर्ज', ऋषी कपूरबरोबर 'हनिमून', राजकुमार आणि नाना असलेला 'तिरंगा'. मराठीतून जाऊन एवढं त्या काळात किती जणींनी केलं?

लग्नानंतर संपली म्हणे. २०२० ला सुरू झालेल्या 'सुख म्हणजे नक्की काय असतं'मधली नंदिनी आपल्या मावशीला रोज रात्री लागायची, जेवण थांबायचं तिच्यासाठी. आणि २०२४ चा 'बिग बॉस मराठी' तर तू स्वतः बघत होतास, ग्रुपवर वर्षाताईंना वोट करा म्हणून मेसेज कोणी टाकले होते? स्क्रीनशॉट आहे माझ्याकडे.

उद्या पातोळ्या खायला येशील तेव्हा 'सवत माझी लाडकी' लावतो. बघ, आणि मग काय ते टाक ग्रुपवर.