मोलिनाला हॉल ऑफ फेममध्ये घ्या, पण मार्टिनलाही विसरू नका

बेसबॉलमधल्या सेंट लुइस कार्डिनल्स संघाचा कॅचर (म्हणजे तिथला यष्टिरक्षक) यादिएर मोलिना २०२२ च्या हंगामानंतर निवृत्त झाला. हॉल ऑफ फेम म्हणजे बेसबॉलमधला सर्वोच्च सन्मान; त्यासाठी क्रीडापत्रकार मतदान करतात. तिथे पाच वर्षं थांबावं लागतं, म्हणजे त्याचं नाव २०२७ च्या अखेरीस मतपत्रिकेवर येईल आणि निकाल जानेवारी २०२८ मध्ये कळेल. इथे अमेरिकेत त्यावरची भांडणं मात्र कधीच सुरू झाली आहेत. एका बाजूला एकाच संघाकडून १९ हंगाम, दोन वर्ल्ड सिरीज म्हणजे अजिंक्यपदं (२००६ आणि २०११), क्षेत्ररक्षणासाठीचे नऊ गोल्ड ग्लव्ह पुरस्कार. दुसऱ्या बाजूला .२७७ ची सरासरी, १७६ होम रन आणि लीगच्या सरासरीपेक्षा किंचित कमी भरणारी फलंदाजी.

आपल्याकडच्या वाचकाला हा वाद नवा नाही. साहा की पंत, यावर आपण काही वर्षं घसा कोरडा केला. त्याच्या कितीतरी आधी मुंबईच्या नरेन ताम्हाणे यांनी २१ कसोटींत ३५ झेल घेतले आणि १६ यष्टिचीत केले. फलंदाजीची सरासरी होती जेमतेम दहा. आज त्या सरासरीचा यष्टिरक्षक संघाच्या बसपर्यंतही पोचणार नाही. धोनीनंतर आपण यष्टिरक्षकाच्या आधी धावा बघतो, मग हात. फरक इतकाच, की आपल्याकडे हातांच्या कामाचा हिशोब कुणी नीट मांडलेला नाही. बेसबॉलमध्ये तो मांडलेला आहे, आणि मोलिनाचा दावा त्याच हिशोबावर उभा आहे.

आधी चोरलेले बेस. पिचर (गोलंदाज) चेंडू टाकत असतानाच रनर पुढच्या बेसकडे पळतो, त्याला बेस चोरणं म्हणतात. पहिल्या बेसवरचा चपळ रनर दुसरा बेस सुमारे ३.३ ते ३.४ सेकंदांत गाठतो. पिचरने हालचाल सुरू केल्यापासून चेंडू कॅचरच्या ग्लव्हमध्ये यायला १.३ सेकंद लागतात. तिथून कॅचरने उठून, चेंडू हातात घेऊन, १२७ फूट ३ इंचांवरच्या दुसऱ्या बेसपर्यंत पोचवायला साधारण २ सेकंद. म्हणजे निकाल एका दशांश सेकंदात लागतो. पिचरने १.५ सेकंद घेतले तर जगातला कुठलाही कॅचर हतबल आहे, म्हणून हे श्रेय सगळंच्या सगळं कॅचरला देता येत नाही. पण मोलिनाने १९ वर्षं, कितीतरी वेगवेगळ्या पिचर्सच्या गोलंदाजीवर, सुमारे ४० टक्के रनर बाद केले. लीगची सरासरी तिशीच्याही खाली होती. आणि कारकीर्दीच्या भरात असताना संघांनी त्याच्यासमोर पळायचंच सोडून दिलं. जो रनर जागचा हललाच नाही, त्याची नोंद धावफलकावर होत नाही.

दुसरं काम फ्रेमिंगचं, म्हणजे कडेचा चेंडू पंचाला स्ट्राइक वाटेल असा पकडण्याचं. होम प्लेट १७ इंच रुंद. तिच्या कडेला घासून जाणारा चेंडू स्ट्राइक (पिचरच्या फायद्याचा) की बॉल (फलंदाजाच्या फायद्याचा), हे पंच डोळ्यांनी ठरवतो. चांगला कॅचर ग्लव्ह आधी खाली नेतो आणि खालचा चेंडू खालून वर येत पकडतो; मनगट स्थिर, खांदे आणि डोकं शांत. वाईट कॅचर चेंडूमागे हात फेकतो, चेंडूच्या जोराने ग्लव्ह आणखी बाहेर जातो आणि स्ट्राइकचा बॉल होतो. २००८ पासून मैदानांवरच्या कॅमेऱ्यांमुळे प्रत्येक चेंडूची जागा नोंदली जाते, त्यामुळे हे मोजता येतं. एक जादा स्ट्राइक म्हणजे सुमारे ०.१२५ धाव. अशा ८० स्ट्राइक म्हणजे १० धावा, आणि १० धावा म्हणजे ढोबळमानाने एक विजय.

एखादा खेळाडू साध्या बदली खेळाडूपेक्षा किती विजय जास्त देतो, याचा ‘वॉर’ नावाचा आकडा इथे प्रत्येकाच्या तोंडी असतो. बेसबॉल-रेफरन्स या आकडेवारीच्या संकेतस्थळाच्या गणितात फ्रेमिंग धरलेलं नाही. तिथे मोलिना ४२ च्या आसपास थांबतो, तर हॉलमधल्या कॅचर्सची सरासरी पन्नाशीच्या थोडी वर आहे. फॅनग्राफ्स हे दुसरं संकेतस्थळ फ्रेमिंग धरतं; तिथे तो ५५ च्या आसपास जातो. त्यातही २००४ ते २००७ या त्याच्या पहिल्या चार हंगामांचं फ्रेमिंग मोजलेलंच नाही, कारण तेव्हा कॅमेरे नव्हते.

त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: मोलिना पहिल्याच वर्षी आत जायला हवा. फक्त क्षेत्ररक्षणावर आत घेण्याची परंपरा याच शहराने घालून दिली आहे. कार्डिनल्सचा शॉर्टस्टॉप ऑझी स्मिथ कारकीर्दीत २८ होम रन मारून २००२ मध्ये पहिल्याच फेरीत निवडून आला. मोलिना काही बॅट नुसती खांद्यावर ठेवून उभा राहणारा नव्हता. २०१३ मध्ये त्याने .३१९ च्या सरासरीने ४४ डबल्स (दुसऱ्या बेसपर्यंत नेणारे फटके) मारले आणि एमव्हीपीच्या, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या, मतदानात तो तिसरा आला.

पण जे मोलिनाला फ्रेमिंगसाठी मत देतील, त्यांनी कॅचर रसेल मार्टिनचं काय केलं हेही सांगावं. फॅनग्राफ्सवर मार्टिनचा वॉर मोलिनाच्या अगदी जवळ, ५५ च्या आसपास. २०२५ च्या मतदानात त्याला ३९४ पैकी ९ मतं मिळाली. पाच टक्क्यांखाली गेलं की नाव मतपत्रिकेवरून कायमचं जातं, आणि पाच टक्के म्हणजे २० मतं. ब्रायन मॅककॅन या कॅचरला ७ मिळाली, तोही गेला. दहा वर्षं चर्चा व्हावी अशी ज्यांची कामगिरी, ती माणसं एका फेरीत संपली. एका मतपत्रिकेवर दहाच नावं लिहिता येतात, हेही त्याचं एक कारण आहे. मोठं कारण हे की मतदारांना कॅचरची कीर्ती दिसते, काम दिसत नाही.

हे आजचंही नाही. मोलिना आणि पिचर ॲडम वेनराइट यांनी ३२८ सामन्यांची सुरुवात एकत्र करून जो ३२४ चा विक्रम मोडला, तो डेट्रॉइटचा पिचर मिकी लोलिच आणि कॅचर बिल फ्रीहन यांचा होता. फ्रीहन ११ वेळा ऑल-स्टार, पाच गोल्ड ग्लव्ह. १९८२ मध्ये त्याला दोन मतं पडली. कॅचर टेड सिमन्स १९९४ मध्ये ३.७ टक्क्यांवर बाद झाला आणि एका समितीने त्याला निवडायला २०१९ चा डिसेंबर उजाडला.

तरीही एका गोष्टीत इथली पद्धत आपल्यापेक्षा सरस आहे, आणि ती आपण उचलावी असं मला मनापासून वाटतं. इथे मतं मोजून जाहीर होतात. २०२५ मध्ये जपानी फलंदाज इचिरोला ३९४ पैकी ३९३ मिळाली, आणि उरलेलं एक मत कुणाचं यावर देशभर जाब विचारला गेला. मार्टिनवरचा अन्याय आपण दाखवू शकतो, कारण ९ हा आकडा समोर आहे. पद्माकर शिवलकर आणि राजिंदर गोयल यांना २०१७ मध्ये बीसीसीआयने सी. के. नायडू पुरस्कार दिला तेव्हा आनंद झाला, पण इतकी वर्षं कुणी कुणाची नावं मागे ठेवली, हे विचारायला आपल्याकडे कागदच नाही.

२०२६ पासून स्ट्राइकच्या निर्णयाला यंत्राकडे आव्हान देता येतं; प्रत्येक संघाला दोन आव्हानं, आणि बरोबर ठरलेलं आव्हान हातात राहतं. फ्रेमिंगची किंमत यापुढे कमी होईल, आणि काही मतदार त्याच चष्म्यातून मोलिनाकडे बघतील. ते चूक ठरेल. तो ज्या नियमांखाली खेळला त्यात कडेचा प्रत्येक चेंडू त्याच्या हातांवर अवलंबून होता. माझ्या मते २०२७ च्या अखेरची, मोलिनाचं नाव असलेली मतपत्रिका छापण्याआधी एक साधा बदल व्हावा: पाच टक्क्यांची अट पहिल्या तीन वर्षांत लावू नये. मार्टिनला त्याचा उपयोग नाही, त्याला निवृत्तीनंतरची पंधरा वर्षं पूर्ण होऊन सोळा जणांच्या समितीपुढे नाव येईपर्यंत थांबावं लागेल. पण पुढच्या कॅचरला होईल.