बेथलेहेमचा डोंगर

खरं बेथलेहेम समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरहून जास्त उंचीवर आहे. आमच्या वसईच्या घरातलं साडेतीन फुटांवर. नाताळचा गोठा करायचा तर मागे डोंगर हवाच, आणि आमचा डोंगर गेली कित्येक वर्षं नाताळच्या भेटींवरच उभा आहे. तळाला फूट मसाजर, त्यावर दोन सँडविच टोस्टर, सहा माणसांचा डिनर सेट (आम्ही घरात सात) आणि शिखरावर बदामाच्या आकाराचं घड्याळ. सगळे खोके सीलबंद. वरून खाकी कागद चुरगळून पसरला, बायकोनं ताटलीत पेरलेले गव्हाचे कोंब मांडले, मेंढरं चढवली की तीन राजे टोस्टरवरून चालत येताहेत हे कुणाच्या बापाला कळत नाही.

यंदा आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या आठवड्यांच्या, पहिल्याच रविवारी मला साक्षात्कार झाला. फादरांनी साधेपणावर प्रवचन दिलं आणि त्यात माझ्या डोक्यातला जोएल वॉल्डफोगेल मिसळला. या अमेरिकन अर्थतज्ज्ञानं 1993 साली हिशेब मांडला होता, की नाताळच्या भेटीवर देणारा जेवढे पैसे घालतो, त्याहून घेणाऱ्याच्या लेखी तिची किंमत 10 ते 33 टक्क्यांनी कमी भरते. (फूट मसाजर त्यानं पाहिला नसावा.) घरी आल्या आल्या मी फॅमिली ग्रुपवर जाहीर केलं, ‘या नाताळला वस्तू नकोत. अनुभव द्या, वेळ द्या.’ मग कॉलेजच्या ग्रुपवर. मग सोसायटीच्या.

बायको म्हणाली, "संत निकोलसनं त्या तीन गरीब मुलींसाठी सोन्याच्या थैल्या रात्री गुपचूप खिडकीतून टाकल्या, कुणाला कळू नये म्हणून. तू तीन ग्रुपवर सांगितलंस."

लोकांनी मनावर घेतलं, इथे घात झाला. ताईनं वेळ दिला, म्हणजे आठ दिवस राहायलाच आली. मेव्हण्यानं अनुभव दिला, म्हणजे पहाटे पाचला उठवून सुरुची बागेच्या किनाऱ्यावर पळवलं. वाळूत पळताना पोटरीत जो गोळा आला, तेव्हा फूट मसाजरची पहिल्यांदा आठवण झाली.

आणि आई. "वेळ हवाय ना? मग बस."

समोर दोन किलो मैद्याचा गोळा. कलकल, नाताळच्या फराळातला तळलेला गोड पदार्थ! बोराएवढी गोळी घ्यायची, काट्याच्या पाठीवर थापायची आणि अंगठ्यानं हलकेच गुंडाळत आणायची, की अंगावर रेघा असलेला शिंपला तयार. आईचा शिंपला तीन सेकंदांत ताटात. माझा काट्याला चिकटून बसायचा. खरवडून काढला की अळी. गोव्यात कलकलांना किडयो म्हणतात, ते नाव माझ्यासारख्या कुणाचं तरी ताट बघूनच पडलं असणार. तीन तास झाले, पाय मुंग्यांनी भरले, गोळा काही संपेना. त्या तीन तासांत आईनं तिच्या लग्नातल्या भांडणाची अख्खी हकिगत सांगितली, जी मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हती. पण ते इथे लिहायचं नाही, असं तिनं बजावलंय.

डोंगराचं काय? तो मी रिक्षात घालून वृद्धाश्रमात नेला. सिस्टरांनी खोक्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"टोस्टर आमच्याकडे चार आहेत. दात मोजकेच."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"डिसेंबरात सगळेच येतात हो. केक एवढे होतात की आजोबांची साखर सांभाळता सांभाळता माझी वाढते. तुम्ही फेब्रुवारीत या. मोठ्यांचे डायपर आणा. आणि पत्ते येतात का? मग दोन तास बसा." त्यांनी तारीख लिहून घेतली, माझ्या नव्हे, त्यांच्या डायरीत. खोके ठेवून घेतले. कामाला येणाऱ्या बायकांना देते म्हणाल्या.

चोवीस तारखेच्या संध्याकाळी मुलगा हातात मेंढरं घेऊन उभा. "पप्पा, डोंगर?"

बेथलेहेमचं मिठागर झालं होतं. उशा रचून बघितल्या. राजे आडवे झाले. ताईची बॅग लावली, तर तिला नेमका तीतलाच ड्रेस मिस्साला घालायचा होता. पाचशे कलकल होते, पण त्यांचा डोंगर करायला आईनं हात लावू दिला नाही.

रात्री नऊच्या सुमाराला बेल वाजली. माहीमचे मामा. त्यांच्याकडे अजून बटणांचा फोन आहे, त्यामुळे माझा साक्षात्कार त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. काखेत हा एवढा खोका.

"काही विशेष नाही रे, फूट मसाजर आहे."

मामांचे बूट निघायच्या आत मुलानं खोका हातातून ओढून घेतला आणि हॉलकडे धूम ठोकली. मामांचा चेहरा फुलला.

"बघ," ते मला म्हणाले, "पोराला केवढा आवडला!"