पंचगंगेतले मासे उन्हाने मरत नाहीत

कोल्हापूर जिल्ह्यात पंचगंगा नदीवरच्या तेरवाडच्या बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडला की दोन दिवसांत व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरायला लागतो. दरवर्षी शब्द थोडे बदलतात, म्हणणं तेच असतं: उन्हाळ्यात पाणी कमी होतं, तापतं, म्हणून मासे मरतात. दोष द्यायचाच तर शहरांच्या सांडपाण्याला द्या, कारखान्यांना नाही. पाण्याच्या तपासणीतही काही निघत नाही. आणि पाऊस पडला की मासे परत येतातच. मी शिरोळ तालुक्यातला, नदीकाठचा. हा मजकूर आमच्याच गावातली शिकलेली माणसं पुढे पाठवतात, म्हणून उत्तर द्यावंसं वाटलं.

उन्हापासून सुरुवात करू. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, हे खरंच आहे. पण किती कमी? २५ अंशांना एका लिटरमध्ये ८ मिलिग्रॅमच्या थोडा वर मावतो, ३० अंशांना साडेसात. माशांसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ठरवलेली किमान पातळी ४ आहे. साडेसातवरून चारच्या खाली नुसतं ऊन नेऊ शकत नाही. आमच्याकडच्या शेततळ्यांत नदीपेक्षा उथळ, साचलेलं पाणी असतं आणि त्यात कटला-रोहू अख्खा मे महिना काढतात. ऊन तर दोन्हीकडे सारखंच पडतं.

बंधाऱ्यावर पहाटे पाचला जाऊन बघा. पाणी काकवीच्या रंगाचं झालेलं असतं, कडेला फेस असतो आणि आंबलेल्या मळीचा वास नाकात बसतो. कटले तोंड वर काढून उघडमीट करत असतात, हाताने उचलले तरी पळत नाहीत. एकदा अशा पाण्यात मला मरळ मेलेला दिसला आणि मी हादरलो. मरळ वर येऊन थेट हवा घेतो. पाण्यातला ऑक्सिजन संपला तरी तो बराच वेळ तग धरतो. तोही मेला, तर पाण्यात नुसती ऑक्सिजनची कमतरता नव्हती, आणखी काहीतरी होतं, असाच संशय येतो.

सांडपाण्याचा मुद्दा मी उडवून लावणार नाही. कोल्हापूरचे नाले, इचलकरंजीचा काळा ओढा यांनी नदीचे हाल केले आहेत. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं दगावली, ते आम्ही विसरलेलो नाही. पण सांडपाणी वर्षाचे बाराही महिने येतं. ते नदीला अर्धमेली करून ठेवतं. एका रात्रीत बंधाराभर मासे उलटे व्हायला मात्र एका रात्रीतच काहीतरी सुटावं लागतं.

त्याचा हिशेब मांडता येतो. घरगुती सांडपाण्याची बीओडी, म्हणजे ते कुजताना पाण्यातला किती ऑक्सिजन खाईल ते माप, लिटरला अडीचशे मिलिग्रॅमच्या आसपास असते. नदीत सोडायच्या पाण्याला परवानगी ३० ची. डिस्टिलरीतून निघणाऱ्या स्पेंटवॉशची, म्हणजे मळीपासून अल्कोहोल काढल्यावर उरणाऱ्या काळ्या पाण्याची, ४० हजारांच्या घरात किंवा त्याहून जास्त. म्हणजे दहा हजार लिटरचा एक टँकर चारशे किलो ऑक्सिजन मागतो. लिटरला ७ मिलिग्रॅम ऑक्सिजन असलेलं साडेपाच कोटी लिटरहून जास्त पाणी त्यासाठी रितं व्हावं लागेल. हे काही दिवसांत होतं आणि वाहती नदी हवेतून थोडा ऑक्सिजन परत मिळवते, हे धरलं पाहिजे. पण आमची नदी उन्हाळ्यात वाहते कुठे? बरगे, म्हणजे बंधाऱ्याची दारं अडवायच्या फळ्या, घातले की एका बंधाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत ती डबक्यांची माळ होते. मग वरचे बरगे काढले की साचलेलं काळं पाणी एकदम खाली येतं आणि मासे त्याच्या पुढे पळत पुढच्या बंधाऱ्याला जाऊन अडकतात.

तपासणीत काही निघत नाही, याला कारण वेळ. मासे पहाटे मरतात, नमुना घ्यायला माणूस येतो दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर ते पाणी खाली निघून गेलेलं असतं. ऑक्सिजनचा नमुना तर बाटली भरल्याबरोबर, काठावरच रसायन घालून पक्का करावा लागतो, नाहीतर प्रयोगशाळेतला आकडा नदीचा राहत नाही. उशिरा घेतलेल्या नमुन्यात काही सापडलं नाही, एवढ्यावरून कुणी निर्दोष ठरत नाही.

आता शेवटचं, ‘मासे परत येतात’. एप्रिल-मेमध्ये मेलेली मादी चिरली तर पोटात गाभोळी भरलेली दिसते. जून-जुलैच्या नव्या पाण्यात तिची अंडी पडायची होती. म्हणजे मरते ती पुढच्या हंगामाची पैदास. नंतर दिसणाऱ्या कटला-रोहूत पुष्कळसा माल बीज सोडून वाढवलेला असतो. वांब, मरळ यांचं बीज कोण सोडतं?

आमच्या गावच्या भोई वस्तीतले एक काका बाजारात मासे घेऊन बसतात. पूर्वी गिऱ्हाईक विचारायचं, “नदीचा आहे ना?” आणि नदीचा म्हटलं की चार पैसे जास्त द्यायचं. आता तोच प्रश्न ऐकून काका आधी सांगतात, “नाही ताई, तळ्यातला आहे, बिनघोर न्या.”