कोंड्यावरचं पिरॉक्टोन ओलामाइन: टक्के किती आणि टाळूवर किती वेळ?

कोंड्याच्या शाम्पूची बाटली उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचली, तर हल्ली घटकांच्या यादीत बऱ्याचदा ‘पिरॉक्टोन ओलामाइन’ हे नाव सापडतं. घटक चांगला आहे, हे आधीच सांगून टाकते. तरीही ‘महिनाभर वापरला, काही फरक नाही’ ही तक्रार याच्याबद्दल सारखी ऐकू येते. माझ्या मते त्यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ एकाच गोष्टीत आहे. हा घटक शाम्पूत पूर्ण विरघळलेला असतो, आणि विरघळलेली गोष्ट पाण्याबरोबर निघूनही जाते. तो कसा वापरायचा, किती टक्के असावा, शाम्पूत कसा घालायचा, हे सगळं या एका गुणधर्माभोवती फिरतं.

आधी कोंड्याबद्दल थोडं. कोंडा म्हणजे अस्वच्छता नव्हे आणि निव्वळ कोरडेपणाही नव्हे. आपल्या सगळ्यांच्याच टाळूवर मॅलासेझिया नावाची यीस्ट जातीची बुरशी राहते. त्यातल्या रेस्ट्रिक्टा आणि ग्लोबोसा या दोन प्रजाती कोंड्याशी सर्वांत जास्त जोडल्या जातात. या बुरशीला स्वतःची मेदाम्लं बनवता येत नाहीत, म्हणून ती त्वचेच्या तेलावर जगते. लायपेज नावाच्या विकराने (एन्झाइमने) ती तेलाचे तुकडे करते, त्यातली संपृक्त मेदाम्लं खाते आणि ओलेइक आम्लासारखी असंपृक्त मेदाम्लं तिथेच सोडते. ज्यांची त्वचा या उरलेल्या आम्लांना संवेदनशील असते, त्यांच्या टाळूला खाज सुटते, पेशी घाईघाईने तयार होतात आणि नीट सुट्या न होता गठ्ठ्याने गळतात. तो गठ्ठा म्हणजे कोंडा. कोंडा होणाऱ्यांच्या टाळूवर नुसतं ओलेइक आम्ल लावलं तरी पापुद्रे सुटतात, इतरांच्या टाळूवर तसं होत नाही. म्हणजे बुरशी सगळ्यांकडे असते, त्रास मात्र काहींनाच होतो. म्हणूनच ‘कायमचा कोंडा घालवा’ हा दावा मला पटत नाही. बुरशी कमी ठेवता येते, हद्दपार करता येत नाही.

आता पिरॉक्टोन काय करतं ते पाहू. कोंड्याच्या शाम्पूंत सापडणारी केटोकोनॅझोल आणि क्लिम्बाझोल ही ॲझोल कुळातली बुरशीनाशक द्रव्यं आहेत. बुरशीच्या पेशीपटलाला एर्गोस्टेरॉल नावाचा मेदासारखा पदार्थ लागतो, त्याचं उत्पादन ती अडवतात. पिरॉक्टोनची वाट वेगळी. ते हायड्रॉक्सिपायरिडोन कुळातलं आहे, नखांच्या बुरशीवर वापरतात त्या सायक्लोपिरॉक्सचं भावंड म्हणा. या कुळाची खासियत म्हणजे लोहाच्या आयनांना घट्ट पकडणं. पेशीच्या आत ऊर्जा तयार करणाऱ्या विकरांना लोह लागतं. ते पिरॉक्टोनच्या तावडीत गेलं की बुरशीची वाढ मंदावते. नावातलं ‘ओलामाइन’ म्हणजे सोबतचं इथेनॉलामाइन. पिरॉक्टोन हे सौम्य आम्ल आहे, त्याचा हा क्षार केल्यामुळे ते हाताळायला आणि विरघळवायला सोपं जातं. लोहाचं हे प्रेम लक्षात ठेवा, शाम्पू बनवताना होणारी सर्वांत मोठी चूक याच्याशीच निगडित आहे.

झिंक पायरिथिऑन या कोंड्यावरच्या जुन्या घटकाशी तुलना केली की विरघळण्याचा मुद्दा स्पष्ट होतो. झिंक पायरिथिऑन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. शाम्पूत त्याचे बारीक कण तरंगत असतात, म्हणून तो शाम्पू दुधट दिसतो. डोकं धुतलं की फेस वाहून जातो, पण काही कण टाळूला आणि केसांच्या मुळांशी चिकटून राहतात आणि पुढच्या धुण्यापर्यंत काम करत राहतात. युरोपीय संघाने १ मार्च २०२२ पासून सौंदर्यप्रसाधनांत झिंक पायरिथिऑनवर बंदी घातली. ते प्रजननाला घातक ठरू शकणाऱ्या द्रव्यांच्या वर्गात गेलं, हे त्याचं कारण. इथे एक बारकावा आहे, तो बातम्यांत हरवतो. धुऊन टाकायच्या केसांच्या उत्पादनांत १ टक्क्यापर्यंत ते सुरक्षित आहे असंच तिथल्या वैज्ञानिक समितीचं मत होतं. पण त्या वर्गातलं द्रव्य ठेवायचं तर ‘याला पर्याय नाही’ हेही सिद्ध करावं लागतं, आणि पर्याय होते. पिरॉक्टोन हा त्यातला मुख्य. त्यामुळे जुन्या बाटलीची धास्ती घेण्याचं कारण नाही. मात्र कण मागे ठेवणाऱ्या शाम्पूची जी सवय आपल्या हातांना लागली आहे, तीच विरघळणाऱ्या शाम्पूला लावली तर फसगत होते. लावला, फेस केला, धुतला, अर्ध्या मिनिटात काम संपलं. पिरॉक्टोनला एवढ्यात पुरेसा वेळच मिळत नाही.

हिशोब करून बघा. १ टक्का पिरॉक्टोन असलेला १० ग्रॅम शाम्पू घेतला तर त्यात १०० मिलिग्रॅम पिरॉक्टोन आहे. निथळत्या केसांवर तो पडला की पाण्याने पातळ होतो. त्यातला बराच भाग टाळूऐवजी केसांच्या लांबीवर पसरतो आणि शेवटी जवळजवळ सगळा मोरीत जातो. टाळूवर उरतो तो अगदी थोडा. तो वाढवायचे आपल्या हातातले मार्ग दोनच: पाणी कमी आणि वेळ जास्त.

म्हणून डोकं दोनदा धुवावं. पहिल्यांदा थोडाच शाम्पू घ्यायचा, कुठलाही साधा सौम्य शाम्पू चालेल, आणि तेल, घाम, जेल वगैरे काढून टाकायचं. तेलकट थरावर औषधी शाम्पूची शक्ती तो थर धुण्यातच खर्च होते. मग केस हाताने नीट पिळायचे, हे बहुतेक जण करत नाहीत. मग भांग पाडत जायचं: मधोमध एक, दोन्ही बाजूंना एकेक, मागे कानापासून कानापर्यंत एक. प्रत्येक भांगात थेट त्वचेवर शाम्पू सोडायचा, मिळून साधारण ५ ते १० मिली, केस दाट असतील तर थोडा जास्त. बोटांच्या पेरांनी चोळायचं, नखांनी नाही. नखांनी पापुद्रे उचकटले तर त्या वेळी बरं वाटतं, पण त्वचा सोलते आणि खाज वाढते. मग घड्याळ लावून ३ ते ५ मिनिटं थांबायचं. अंदाजाने थांबलं तर पाच मिनिटं म्हणून दीडच मिनिट होतं. शेवटी भरपूर पाण्याने धुवायचं. कंडिशनर लावायचा तर फक्त केसांच्या लांबीला, टाळूला नाही.

पहिले ४ आठवडे आठवड्यातून २-३ वेळा, मग कोंडा ताब्यात आला की आठवड्यातून एकदा. चार आठवडे का, तर टाळूच्या कातडीचा वरचा थर बदलायलाच तेवढा काळ लागतो. बुरशी पहिल्या आठवड्यात कमी झाली तरी आधी तयार होऊन बसलेले पापुद्रे गळायचे बाकी असतात. दहा दिवसांत शाम्पू बदलणाऱ्याला कुठलाच शाम्पू लागू पडत नाही. उलट बाजूही तितकीच खरी आहे. डोकं साफ झालं म्हणून पूर्ण थांबलात तर काही आठवड्यांत कोंडा परत येतो. आठवड्याचा तो एक दिवस सोडू नका.

टक्केवारीबद्दल मला थोडं कडक बोलायचं आहे. युरोपीय नियमांत पिरॉक्टोन ओलामाइन परिरक्षकांच्या, म्हणजे उत्पादन खराब होऊ नये म्हणून घालायच्या द्रव्यांच्या, यादीत आहे. धुऊन टाकायच्या उत्पादनात कमाल १ टक्का आणि त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनात कमाल ०.५ टक्का, अशी मर्यादा आहे. कोंड्यासाठीच्या शाम्पूत ०.५ ते १ टक्का हे खरं कामाचं प्रमाण. आता अडचण अशी की परिरक्षक म्हणून याहून बरंच कमी घातलं तरी नाव यादीत येतंच. १ टक्क्याहून कमी असलेले घटक यादीच्या शेवटी कोणत्याही क्रमाने लिहायची मुभा असते, त्यामुळे नाव वर आहे की खाली यावरून काही कळत नाही. अमेरिकेत तर कोंड्याच्या बिनचिठ्ठी औषधांच्या अधिकृत यादीत पिरॉक्टोन नाहीच. तिथे त्या यादीत झिंक पायरिथिऑन, सेलेनियम सल्फाइड, सॅलिसिलिक आम्ल, गंधक, कोल टार आहेत, आणि त्यांचे टक्के बाटलीवर छापावे लागतात. कोंड्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक बाटलीवर पिरॉक्टोनचाही आकडा असायला हवा, या मताची मी आहे. आकडा नसेल तर उत्पादकाला लिहून विचारा. उत्तर देणारे देतात, आणि न देणं हेही एक उत्तरच आहे.

विरघळण्याचा फायदा कुठे मिळतो? टाळूवर लावून न धुण्याच्या लोशनमध्ये. तिथे ०.१ टक्का असलेलं ३ मिली लोशन म्हणजे जेमतेम ३ मिलिग्रॅम पिरॉक्टोन, पण ते सगळं टाळूवरच राहतं आणि तासन्‌तास राहतं. कण नसल्यामुळे केसांवर पांढरी पूड दिसत नाही. ज्यांना वारंवार डोकं धुणं जमत नाही किंवा ज्यांचे केस रंगवलेले, कोरडे आहेत, त्यांच्यासाठी शाम्पूपेक्षा हा मार्ग मला जास्त योग्य वाटतो. अशा लोशनमध्ये बहुतेकदा अल्कोहोल असतं, टाळूवर ओरखडे असतील तर झोंबतं, एवढं ध्यानात असू द्या.

हीच बुरशी भुवयांत, नाकाच्या कडेच्या घडीत, कानामागे, दाढीत आणि छातीच्या मध्यावर लाल तेलकट खपल्या आणते. त्याला सेबोऱ्हिक डर्मटायटिस म्हणतात. दाढी-भुवयांवर शाम्पूचा फेस २-३ मिनिटं ठेवून धुता येतो, डोळे घट्ट मिटून. क्रीम घेणार असाल तर पिरॉक्टोनइतकंच बाकीच्या क्रीमकडे बघा. मॅलासेझियाला साधारण ११ ते २४ कार्बनच्या साखळीची मेदाम्लं मानवतात. बहुतेक वनस्पती तेलं याच टप्प्यात येतात. बुरशी मारणारा घटक आणि बुरशीला पोसणारं तेल एकाच डबीत, असं सर्रास असतं. मिनरल ऑइल, स्क्वालेन किंवा ८-१० कार्बनची मध्यम साखळीची तेलं असलेला बेस इथे बरा. टाळूला तेल लावण्याचंही तेच. केसांच्या लांबीला हवं तेवढं लावा, कोंडा चालू असताना टाळूला रात्रभर तेल लावून ठेवू नका.

जे स्वतः शाम्पू बनवतात त्यांच्यासाठी. पिरॉक्टोनची पूड पाण्यात टाकली तर गुठळ्या होऊन तरंगत बसते. साध्या पाण्यात ती ०.१ टक्काही विरघळत नाही, तेलातही तिची तीच गत, त्यामुळे तयार तेलात ढवळून घालण्याचा खटाटोप करू नका. ती आधी दाट सर्फॅक्टंटमध्ये, म्हणजे शाम्पूतल्या फेस आणणाऱ्या, मळ काढणाऱ्या द्रव्यात घ्यायची. १०० ग्रॅमच्या घाण्याला ०.५ ते १ ग्रॅम पूड, सोबत कोकामिडोप्रोपिल बीटेन हा सौम्य सर्फॅक्टंट आणि मुख्य सर्फॅक्टंट, ४० ते ५० अंशांवर हळूहळू ढवळत पूर्ण पारदर्शक होईपर्यंत. पाणी त्यानंतर. १ ग्रॅमचे टप्पे दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा इथे निरुपयोगी, ०.०१ ग्रॅम दाखवणारा हवा. पूड डोळ्यांना गंभीर इजा करू शकते, चष्मा घालाच. पीएच ५.५ ते ६.५ ठेवा. फार आम्ल झालं की क्षाराचं मूळ आम्लात रूपांतर होतं, ते कमी विरघळतं आणि शाम्पू गढूळ होतो. सॅलिसिलिक आम्ल त्याच बाटलीत कोंबताना नेमकं हे घडतं, कारण त्याला ४ च्या खालचा पीएच लागतो. जाड खपल्यांसाठी सॅलिसिलिक हवंच असेल तर वेगळ्या बाटलीत, वेगळ्या दिवशी.

आणि ते लोह. शाम्पू पिवळा, मग नारिंगी होत गेला तर पाण्यात, भांड्यात, शाम्पूत घातलेल्या मातीत किंवा वनस्पतींच्या अर्कात लोह आहे असं समजा. तो नुसता रंगाचा प्रश्न नाही. जेवढं पिरॉक्टोन लोहाला बांधलं गेलं, तेवढं बुरशीसाठी उरलं नाही. खनिजविरहित पाणी, चांगलं स्टेनलेस स्टील किंवा काच, आणि पिरॉक्टोन घालण्याआधी धातूंना बांधून ठेवणारं टेट्रासोडियम ईडीटीए ०.१ टक्का, एवढ्याने बहुतेक वेळा भागतं. ईडीटीएने पीएच वर जातो, तो शेवटी पुन्हा मोजा. ऊनही याला मानवत नाही, म्हणून बाटली अपारदर्शक असू द्या. टाळूवर जास्त उरावं म्हणून पॉलिक्वाटर्नियम-१० किंवा कॅटायनिक ग्वार (केसांना आणि त्वचेला चिकटणारी धनभारित पॉलिमर) ०.२ ते ०.३ टक्का घाला. शाम्पू पाण्याने पातळ झाला की सर्फॅक्टंटबरोबर त्यांची मऊ साय तयार होते आणि ती थोडं पिरॉक्टोन धरून ठेवते. विरघळणाऱ्या घटकाला मागे ठेवण्याची ही सर्वांत सोपी युक्ती, आणि घरगुती कृतींत नेमकी तीच गाळलेली दिसते.

केस दाट होतात, नवीन उगवतात असे दावेही या घटकाच्या नावावर होतात. टाळूची सूज आणि खाज कमी झाली की गळती थोडी कमी होऊ शकते, एवढंच मी मान्य करेन.

नीट वापरून ४ आठवड्यांत फरक नसेल तर शाम्पू बदलत बसू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. जाड, चंदेरी, स्पष्ट कडा असलेल्या आणि केसांच्या रेषेबाहेर कपाळावर उतरणाऱ्या खपल्या सोरायसिसच्या असू शकतात. केस रंगवल्यानंतर सुरू झालेली आग आणि खपल्या बहुधा रंगाची ॲलर्जी असते. आणि लहान मुलाच्या डोक्यावर गोल चट्टा, त्यात तुटलेले केस किंवा टक्कल दिसलं तर तो कोंडा नाही, तो डोक्याचा नायटा आहे. तिथली बुरशी वेगळी आणि ती केसाच्या आत शिरलेली असते. शाम्पूने इतरांना होणारा फैलाव कमी करता येतो, पण बरं होण्यासाठी पोटातून औषध लागतं, काही आठवडे, आणि तेही डॉक्टरांनी वजनानुसार ठरवलेलं.