अंदमानात तेल ‘सापडलं’ म्हणून आयात संपत नाही

जून 2025 पासून एक मजकूर फिरतो आहे. सोसायटीच्या ग्रुपवर येतो, गावाकडच्या ग्रुपवर येतो, परदेशातले नातेवाईकही अभिमानाने पुढे पाठवतात. त्याचा सारांश असा: अंदमानच्या समुद्रात 2 लाख कोटी लिटर तेल सापडलं आहे, पाच वर्षांत भारत तेलात स्वयंपूर्ण होणार. तेल आपल्याकडे आधीही होतंच, मुंबईजवळच्या समुद्रातलं मुंबई हाय हे तेलक्षेत्र मुद्दाम थंड ठेवलं गेलं. नाहीतरी आपण पेट्रोल-डिझेल निर्यात करतो, मग परावलंबी कसले? आणि घरचं तेल आलं की पेट्रोल निम्म्या दरात.

पाठवणाऱ्यांची भावना चांगली आहे, हे मला मान्य आहे. पण यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि अशा समजुतीमुळे खऱ्या प्रश्नावरची नजर हटते, म्हणून हे सविस्तर लिहितो.

‘2 लाख कोटी लिटर तेल सापडलं.’

आधी हा आकडा कुठून आला ते पाहू. मजकुराच्या काही आवृत्त्यांत तो 1,84,440 कोटी लिटर असा नेमका दिलेला असतो. एका पिंपात 159 लिटर तेल मावतं. भागाकार करून बघा, बरोबर 1,160 कोटी पिंपं येतात. हा दक्षिण अमेरिकेतल्या गयाना देशाच्या साठ्याचा अंदाज आहे. पेट्रोलियम मंत्री हरदीपसिंग पुरी यांनी अंदमानात गयानासारखा मोठा साठा मिळेल अशी आशा व्यक्त केली होती. पुढे कुणीतरी गयानाची पिंपं लिटरमध्ये बदलली आणि ‘मिळेल’चं ‘मिळालं’ झालं. अंदमानचं एक पिंपही या आकड्यात मोजलेलं नाही.

प्रत्यक्षात काय सापडलं? सप्टेंबर 2025 मध्ये ऑइल इंडिया या सरकारी कंपनीच्या श्री विजयपुरम-2 या विहिरीत नैसर्गिक वायू आढळल्याचं जाहीर झालं. अंदमानच्या पूर्व किनाऱ्यापासून 17 किलोमीटरवर, 295 मीटर खोल पाण्यात ही विहीर आहे. चाचणीत वायू अधूनमधून येत होता, त्यात 87 टक्के मिथेन निघाला. भूगर्भशास्त्राच्या दृष्टीने ही चांगलीच बातमी आहे, कारण त्या खोऱ्यात वायू तयार होऊन अडकून राहिला आहे याचा पुरावा हाती आला. पण किती आहे, सलग मिळेल का, काढणं परवडेल का, हे आजूबाजूला आणखी विहिरी खोदल्याशिवाय कळत नाही.

‘सापडलं’ आणि ‘मिळालं’ यांतलं अंतर आपण दोनदा मोजलं आहे, दोन्ही वेळा आंध्रच्या किनाऱ्यालगतच्या कृष्णा-गोदावरी खोऱ्यात. 2005 मध्ये गुजरात सरकारच्या कंपनीने दीनदयाळ क्षेत्रात 20 ट्रिलियन घनफूट वायू असल्याचं जाहीर केलं. विकास आराखडा करायची वेळ आली तेव्हा साठा साधारण दहाव्या हिश्श्यावर आला. शेवटी 2017 मध्ये ओएनजीसी या केंद्र सरकारच्या तेल कंपनीने त्यातला 80 टक्के वाटा विकत घेतला.

दुसरी गोष्ट आपल्या रत्नागिरीपर्यंत येते. रिलायन्सच्या केजी-डी6 क्षेत्रातून एप्रिल 2009 मध्ये वायू सुरू झाला. 2010 मध्ये रोज 6 कोटी घनमीटरच्या आसपास निघत होता. त्या भरवशावर वीजप्रकल्प उभे राहिले, काकीनाडा ते भरूच अशी वाहिनी देशाच्या आरपार टाकली गेली. एन्रॉनच्या पडझडीतून सावरलेल्या दाभोळच्या प्रकल्पालाही हाच वायू मिळू लागला. मग विहिरींचा दाब घसरला, पाणी आणि वाळू वर येऊ लागली, आणि उत्पादन काही वर्षांतच कोसळलं. 2013 मध्ये दाभोळचा पुरवठा आटला आणि जवळजवळ दोन हजार मेगावॅटचा प्रकल्प ठप्प झाला. पुढे तो रेल्वेला वीज देण्यासाठी अंशतः सुरू झाला, तो बाहेरून आणलेल्या एलएनजीवर, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायूवर. गुहागर तालुक्यात जाऊन कुणालाही विचारा, साठ्याच्या घोषणेवर संसार मांडल्यावर काय होतं ते तिथे लोकांनी पाहिलं आहे.

‘पाच वर्षांत स्वयंपूर्ण.’

क्षणभर धरून चालू की अंदमानात खरोखरच गयानाएवढं तेल आहे. भारत आज दिवसाला साधारण 55 लाख पिंपं वापरतो, म्हणजे वर्षाला 200 कोटी. 1,160 कोटी पिंपं आपल्याला सहा वर्षंही पुरणार नाहीत. आणि ती एकदम काढताही येत नाहीत. टाकी केवढी आहे यापेक्षा तोटी केवढी आहे याला इथे महत्त्व आहे. गयानातला मोठा शोध मे 2015 मधला, पहिलं तेल डिसेंबर 2019 मध्ये आलं, आणि खोल समुद्रासाठी हा फारच झपाट्याचा वेग मानला जातो. 2024 च्या अखेरीस तिथे दिवसाला साडेसहा लाख पिंपं निघत होती. गयानाची लोकसंख्या दहा लाखांच्या आत, त्यामुळे तो देश श्रीमंत झाला. आपल्याकडे हेच उत्पादन सुरू झालं तर आजच्या गरजेचा आठवा हिस्सा भागेल, आणि तेही शोधानंतर साडेनऊ वर्षांनी. तोवर खप कुठे गेला असेल?

यावर हमखास सांगितलं जातं की मुंबई हायला दोनच वर्षं लागली होती. खरं आहे. फेब्रुवारी 1974 मध्ये सागर सम्राट या समुद्रात विहिरी खोदणाऱ्या रिगने तेल शोधलं आणि मे 1976 मध्ये उत्पादन सुरू झालं. मात्र तिथे पाणी 75 मीटरच्या आसपास आहे, तळावर पाय रोवून प्लॅटफॉर्म उभे करता येतात. अंदमानचं काम वेगळ्याच खोलीचं आहे.

‘मुंबई हाय मुद्दाम थंड ठेवलं.’

हा आरोप मला सर्वांत जास्त लागतो, कारण तो समुद्रात चौदा-चौदा दिवसांच्या पाळ्या करणाऱ्या माणसांच्या कष्टांवर आहे. 1980च्या दशकाच्या अखेरीस मुंबई हायमधून दिवसाला चार लाखांहून जास्त पिंपं निघत होती. आता ती दीड लाखाच्याही खाली आहेत. कारण वय. तेल चुनखडीच्या सच्छिद्र खडकात आहे. काढत गेलं की दाब उतरतो, तो टिकवायला पाणी आत सोडावं लागतं, आणि वर्षागणिक तेच पाणी तेलाबरोबर जास्त-जास्त वर येतं. खडकातलं सगळं तेल जगात कुठेच निघत नाही. एक-तृतीयांश निघालं तरी बरं म्हणतात. 2000 नंतर पुनर्विकासाच्या योजनांवर मोठा खर्च झाला, नव्या विहिरी खोदल्या, त्यामुळे घसरण मंदावली. जानेवारी 2025 मध्ये ओएनजीसीने उत्पादन वाढवण्यासाठी बीपी या ब्रिटिश कंपनीला तांत्रिक भागीदार म्हणून घेतलं. थंड ठेवायचं असतं तर हे कुणी केलं नसतं.

आणि मुंबई हाय भरात असतानाही देश पूर्ण स्वयंपूर्ण नव्हता. 1985 च्या सुमारास आपण वर्षाला 3 कोटी टन तेल काढत होतो आणि 4 कोटी टनांच्या आसपास वापरत होतो. 2024-25 मध्ये काढलं 2.87 कोटी टन, म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीएवढंच. वापरलं मात्र सुमारे 24 कोटी टन. मार्च 2015 मध्ये पंतप्रधानांनी 2022 पर्यंत आयातीवरचं अवलंबित्व दहा टक्क्यांनी कमी करण्याचं लक्ष्य ठेवलं होतं. तेव्हा ते 77 टक्के असल्याचं सांगितलं गेलं होतं, आता 88 आहे. आधीच्या सरकारांच्या काळातही ते वाढतच होतं, त्यामुळे यात पक्ष शोधण्यात अर्थ नाही.

‘आपण तर निर्यात करतो.’

करतो, वर्षाला 6 कोटी टनांहून जास्त. पण त्यासाठीचं कच्चं तेल बाहेरूनच येतं. आपल्याकडे तेल कमी आणि रिफायनऱ्या मोठ्या आहेत, जामनगर तर जगातली सर्वांत मोठी. कच्चं आणायचं, शुद्ध करून विकायचं, हा उत्तम धंदा आहे. 88 टक्क्यांचा हिशेब देशातल्या खपावर केलेला असतो, निर्यात त्यात धरलेलीच नसते.

‘पेट्रोल निम्म्या दरात.’

ओएनजीसी आपलं तेल रिफायनऱ्यांना आंतरराष्ट्रीय दराच्या हिशेबानेच विकते. नॉर्वे गरजेच्या कितीतरी पट तेल काढतो, तरी तिथलं पेट्रोल युरोपातल्या महागांपैकी आहे. पंपावरचा दर जागतिक बाजार आणि केंद्र-राज्यांचे कर मिळून ठरवतात. स्वस्त हवं असेल तर कराबद्दल बोला, ती वेगळी आणि रास्त चर्चा आहे.

त्या फिरत्या मजकुरात स्वयंपाकाच्या गॅसबद्दल एक अक्षर नाही, आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते. आपण वर्षाला 3.1 कोटी टन एलपीजी वापरतो. त्यातला निम्म्याहून बराच जास्त आयात होतो, बहुतांश आखातातून, होर्मुझच्या चिंचोळ्या सागरी वाटेने. कच्च्या तेलासाठी विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर इथे 53 लाख टनांचे भूमिगत साठे आहेत. ते पूर्ण भरले तरी 2019-20 च्या खपावर केलेल्या सरकारी हिशेबाने साडेनऊ दिवसांची गरज भागते, आजच्या खपाने त्याहून कमी. रिफायनऱ्यांकडचा साठा त्याशिवायचा. एलपीजीचं तसं नाही. देशातली त्याची सर्वांत मोठी भूमिगत साठवण मंगळुरूची, 80 हजार टनांची, 2025 मध्ये सुरू झालेली. देशाचा एका दिवसाचा खप साधारण 85 हजार टन आहे.