डायऱ्या काढल्यावर ड्रॅक्युलात उरतं काय?

आज एका चांगल्या वाचणाऱ्या माणसाने मोठ्या कौतुकाने सांगितलं की ड्रॅक्युलाची एक सुटसुटीत आवृत्ती मिळते, तीच घ्यावी. "डायऱ्याबियऱ्यांची सगळी कटकट काढून टाकलीय. सरळ गोष्ट आहे, दोन तासांत होते." तेव्हापासून हे वाक्य डोक्यातून जात नाहीये. शांतपणे लिहायचं ठरवलंय, बघू कुठवर जमतं.

डायऱ्या काढल्या की सरळ गोष्ट उरत नाही, गोष्टच उरत नाही. १८९७ साली ब्रॅम स्टोकरने ही कादंबरी कागदांची रचली. जोनाथन हार्करची लघुलिपीतली रोजनिशी, त्याची वाग्दत्त वधू मिना आणि तिची मैत्रीण ल्यूसी यांची पत्रं, डॉक्टर सेवर्डने फोनोग्राफच्या मेणाच्या नळकांड्यांवर बोलून ठेवलेल्या नोंदी, तारा, वर्तमानपत्राचं कात्रण, जहाजाचा लॉग म्हणजे रोजची नोंदवही. प्रत्येकाला थोडंसंच माहीत आहे. जोनाथनने व्हॅम्पायर काउंट ड्रॅक्युलाला त्याच्या गढीत पाहिलंय, पण काउंटने रक्त प्यायल्याने खंगत चाललेल्या ल्यूसीच्या उशाशी बसलेल्या डॉक्टरांना जोनाथन कोण हे ठाऊक नाही. सेवर्डच्या वेड्यांच्या इस्पितळाला लागून असलेलं कारफॅक्सचं घर काउंटने विकत घेतलंय, त्याची कागदपत्रं जोनाथननेच नेली होती, आणि सेवर्डला मात्र शेजारी कोण आलंय याचा पत्ता नाही. सगळं एकट्या वाचकाला दिसतंय. आतल्या कुणालाच नाही. भीती तिथून येते, सुळ्यांतून नाही.

व्हॅम्पायरच्या चांगल्या कादंबऱ्या रक्तावर चालत नाहीत, न पोहोचलेल्या माहितीवर चालतात. एकाला कळलेलं दुसऱ्यापर्यंत वेळेत जात नाही, त्या फटीत तो प्राणी जगतो. ज्या लेखकाला हे कळलं त्याचं पुस्तक टिकलं.

निळ्या फितीचा प्रसंग घ्या. जोनाथन गढीतून कसाबसा सुटून बुडापेस्टच्या रुग्णालयात पडलाय. मिना तिथे पोहोचते, तिथेच त्यांचं लग्न लागतं. तो आपली वही तिच्या हाती देतो. वाचायची तर वाच, म्हणतो, पण मला त्यातलं काही सांगू नकोस. आणि मिना काय करते? वही पांढऱ्या कागदात गुंडाळते, गळ्यातली फिकट निळी फीत काढून बांधते, गाठीवर लाख ओतते आणि लग्नाच्या अंगठीचा ठसा उमटवते. गरज पडल्याशिवाय उघडणार नाही, असं वचन. किती सुंदर आहे हे! आणि किती भयंकर! काउंटचं नाव, त्याची वागण्याची तऱ्हा, लंडनजवळ घेतलेलं घर, सगळं त्या वहीत आहे. लग्न ऑगस्टच्या अखेरीस होतं. ल्यूसी २० सप्टेंबरला जाते. मिना वही उघडते २३ सप्टेंबरला. तीन दिवस! स्टोकर यावर एक अक्षर बोलत नाही. तारखा नोंदींच्या डोक्यावर छापलेल्या आहेत, ज्याने वाचल्या त्याला कळलं. "कटकट" काढली की या तारखाही गेल्या, आणि उरलं काय, तर मिनाने नवऱ्याची वही वाचली.

आणि ती तार! १७ सप्टेंबरला सेवर्डचा गुरू, ल्यूसीवर उपचार करणारा व्हॅन हेल्सिंग अँटवर्पहून सेवर्डला तार करतो की आज रात्री ल्यूसीच्या घरी थांबलंच पाहिजे. पत्त्यात परगण्याचं नाव नाही, म्हणून तार भलत्याच परगण्यातल्या कारफॅक्सला जाते आणि २२ तास उशिरा मिळते. कंसात छापलेली एक बारीक ओळ आहे ती. त्याच रात्री खिडकी फुटते, ल्यूसीची आई धसक्याने मरते, ल्यूसी एकटी सापडते. त्याआधी याच आईने मुलीच्या गळ्यातली, व्हॅम्पायरला दूर ठेवणारी लसणाची फुलं काढून खिडकी उघडलेली असते, खोलीत कोंदट वास येतो म्हणून. आईचं हृदय अधू, म्हणून डॉक्टरांनी तिला काही सांगितलेलं नसतं. कोणीही दुष्ट नाही. सगळे एकमेकांना जपताहेत, आणि त्या जपण्यानेच मुलगी जातेय. हे दोन तासांत उरकायचं?

रक्त देण्याचे प्रसंगही असेच. ल्यूसीला चौघांचं रक्त दिलं जातं : तिचा होणारा नवरा आर्थर, सेवर्ड, व्हॅन हेल्सिंग आणि मित्र क्विन्सी. रक्तगटांचा शोध लँडस्टायनरने विसाव्या शतकाच्या तोंडावर लावला, कादंबरी त्याआधीची. गट जुळवण्याचा प्रश्नच कोणाला माहीत नाही. आजच्या वाचकाला तिथे वेगळीच धडधड होते, आणि ती स्टोकरच्या मनातही नव्हती.

बरं, मान्य : व्हॅन हेल्सिंगची भाषणं लांबतात, आणि ल्यूसीनंतरचा मधला भाग सैल आहे. चाळा तो. पण चाळणं वेगळं आणि कापणं वेगळं.

कारण पुढे बाजू पालटते ती याच कागदांमुळे. मिना सगळ्यांच्या नोंदी टंकयंत्रावर उतरवते, एकावेळी तीन प्रती काढते, तारखेवार लावते. पहिल्यांदाच सगळ्यांना सगळं कळतं. सेवर्ड तेव्हा लिहितो की शेजारचंच घर काउंटचं असेल हे आपल्याला सुचलंच कसं नाही. काउंट ज्यांत निजतो त्या मातीच्या ५० पेट्या कुठे गेल्या हे ते मालवाहतुकीच्या कागदांवरून आणि हमालांकडे चौकशी करून शोधतात. काउंटलाही कळतं की आपला शत्रू कोण आहे. तो घरात शिरतो तेव्हा हस्तलिखित आणि नळकांडी जाळून टाकतो. एक प्रत तिजोरीत असते म्हणून ही माणसं वाचतात. शेकडो वर्षांची ताकद असलेला उमराव एका बाईच्या फायलिंगपुढे हरतो. मला तर हा त्या पुस्तकातला सगळ्यात रोमांचक भाग वाटतो, आणि नेमका तोच "कटकट" म्हणून जातो!

जरा थांबून हेही लिहायला हवं, की जे मध्येच पुस्तक ठेवून देतात त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांना कोणी वाट दाखवलेली नसते. पहिली चार प्रकरणं गढीतली, ती सुसाट जातात. पाचव्यात एकदम मैत्रिणींची पत्रं सुरू होतात आणि माणूस गोंधळतो. तिथे तारीख बघा. गढीतली शेवटची नोंद ३० जूनची आहे आणि मिनाचं पत्र ९ मेचं. म्हणजे आपण मागे आलोय. जोनाथन तिकडे अडकायला लागलाय, आणि इकडे या दोघी लग्नाच्या आणि मागण्यांच्या गप्पा मारताहेत. एवढं लक्षात आलं की तीच पत्रं अंगावर यायला लागतात. तारखेची ओळ सोडायची नाही, बस. सातव्या प्रकरणात जहाजाचा लॉग येतो, तो एका बैठकीत वाचा. वार्ना बंदरातून निघालेलं जहाज, नऊ माणसं, एकेक नाहीशी होतात. कप्तानाच्या कोरड्या नोंदी. शेवटी तो सुकाणूला हात बांधून घेतो, आणि उरलेला मजकूर बूच लावलेल्या बाटलीत त्याच्या खिशात सापडतो. काउंट तिथे जवळपास दिसतच नाही.

आवृत्ती घेताना तीन गोष्टी बघा. प्रकरणं २७ आहेत का. पहिल्या प्रकरणाच्या डोक्यावर जोनाथन हार्करची रोजनिशी, लघुलिपीत लिहिलेली, असं आहे का. शेवटी सात वर्षांनंतरची छोटी टीप आहे का. त्या टिपेत जोनाथन म्हणतो की एवढ्या सगळ्या गठ्ठ्यात अस्सल म्हणावा असा कागद जवळपास नाहीच, नुसती टंकलेली पानं, आमच्यावर विश्वास कोण ठेवणार? ही टीप नसेल तर पुस्तक परत ठेवा. आणि सुरुवातच "जोनाथन आगगाडीत बसला होता" अशी असेल तर उघडूसुद्धा नका.

हा धागा स्टोकरच्या आधीपासूनचा आहे. पॉलिडोरीच्या १८१९च्या 'द व्हॅम्पायर' या कथेत लॉर्ड रुथवेन मरताना सोबतच्या तरुण ऑब्रीकडून शपथ घेतो : एक वर्ष आणि एक दिवस माझ्याबद्दल ब्र काढायचा नाही. मग हाच रुथवेन जिवंत समोर उभा राहतो, ऑब्रीच्या बहिणीशी लग्न ठरवतो, आणि ऑब्री शपथेने जखडलेला. ले फानूच्या कार्मिलात (पुस्तकरूपात १८७२) जनरलचं पत्र येतं की माझी पुतणी गेली, आम्ही जिला घरात घेतलं तिनेच घात केला, बाकीचं भेटीत सांगेन. पत्र वाचून होतं न होतं तोच घोडागाडी उलटते आणि गोष्ट सांगणाऱ्या लॉराच्या घरात पाहुणी येते, तीच कार्मिला. मोजकी पानं आहेत, एका रात्रीत होतात. ड्रॅक्युलाच्या आधी कार्मिला वाचा, असं मी सगळ्यांना सांगते.

आता नियमांबद्दल. व्हॅम्पायर उन्हात जळतो हे ड्रॅक्युलातलं, असं सर्रास सांगितलं जातं. नाही. काउंट लंडनमध्ये भरदिवसा पिकॅडिलीत उभा असतो. दिवसा त्याची ताकद आखडते, एवढंच. सूर्यप्रकाशाने मरणं आलं १९२२च्या नॉस्फेरातू या मूकपटातून. काउंटला मारतातही दोन सुऱ्यांनी, छातीत ठोकायच्या लाकडी खुंटीने नाही. पण वाहतं पाणी, आपली माती, पहिल्यांदा आत यायला आमंत्रण, हे नियम आहेत, आणि प्रत्येक नियम काहीतरी घडवतो. पेट्या लागतात म्हणून त्यांचा माग लागतो. पाणी ओलांडता येत नाही म्हणून जहाज लागतं. नियम काढून टाकणाऱ्या लेखकाला हे कळत नाही की तो कथानकच काढून टाकतोय.

२००५ च्या ट्वायलाइटवर मात्र उगाच तुटून पडू नका. ते वाचणाऱ्या मुलींची जी टर उडवली गेली ती मला कधीच आवडली नाही. चार जाडजूड पुस्तकं त्यांनी आवडीने वाचली, त्यातून पुढे किती जणी वाचक झाल्या. त्यातला व्हॅम्पायर उन्हात चमकतो म्हणून माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती किमतीची. पहिल्या भागात व्हॅम्पायर नायक एडवर्डला सतत स्वतःला आवरावं लागतं, ते छान उतरलंय. नंतर नंतर अमरत्व म्हणजे नुसतं सौंदर्य, वेग आणि श्रीमंती, द्यावं काहीच लागत नाही. अॅन राइसने १९७६ मध्ये 'इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर'मध्ये हेच अमरत्व पाच वर्षांच्या क्लॉडियाला दिलं. मन बाईचं झालं, शरीर पाच वर्षांचंच राहिलं. एकच नियम, आणि त्यातून सगळी शोकांतिका निघाली. लिंडक्विस्टच्या २००४ च्या 'लेट द राइट वन इन' या स्वीडिश कादंबरीत व्हॅम्पायर एली आमंत्रणाशिवाय आत आली तर काय होतं हे दाखवलंय. अंगातून रक्त झिरपायला लागतं. लेखकाने जुन्या नियमाला "का?" विचारलं, आणि उत्तर पानावर मांडलं.

मॅथेसनची १९५४ ची आय अॅम लेजंड तर नियमांवरच उभी आहे. व्हॅम्पायरांच्या जगात एकटा उरलेला नेव्हिल रोज लसूण लटकवतो, खुंट्या तासतो, सूक्ष्मदर्शक शिकून जंतू शोधतो, अंधाराआधी घरी परततो. आणि एके दिवशी मनगटावरचं घड्याळ बंद पडलेलं असतं. एवढंच. आधीची पानं त्याची दिनचर्या इतक्या बारकाईने सांगतात, म्हणून त्या बंद घड्याळापाशी श्वास अडकतो.

अलीकडच्या वाचनात तीन पुस्तकं याच वाटेवरची मिळाली. ग्रेडी हेन्ड्रिक्सची २०२० ची 'द सदर्न बुक क्लब्स गाइड टू स्लेइंग व्हॅम्पायर्स', पुस्तक भिशीतल्या बायकांची. पेट्रिशियाला कळतं, पुरावे असतात, आणि नवरे ऐकत नाहीत. त्यातला सगळ्यात संताप आणणारा प्रसंग व्हॅम्पायरचा नाही, नवरे मिळून बायकांना गप्प करतात तो आहे. (उंदीर आणि झुरळं सोसत नसतील तर जपून.) दुसरं, सुझॅना क्लार्कचं पिरानेसी, तेही २०२० चं. त्यात व्हॅम्पायर नाही. पण नायक स्वतःच्या वह्यांची सूची करतो, सूचीत अशा नोंदी सापडतात ज्या लिहिल्याचं त्याला आठवत नाही, फाडलेल्या पानांचे कपटे पक्ष्यांच्या घरट्यांत मिळतात. इथे माहिती अडते ती माणसाच्या स्वतःच्याच आत. मिनाच्या लाखबंद वहीनंतर लगेच हे वाचा.

तिसरं, स्टीफन ग्रॅहम जोन्सचं २०२५ चं, द बफेलो हंटर हंटर. १९१२ मधल्या एका पाद्र्याची रोजनिशी शंभर वर्षांनी भिंतीत सापडते. तिच्यात गुड स्टॅब नावाच्या ब्लॅकफीट, म्हणजे अमेरिकेतल्या एका मूळनिवासी जमातीतल्या, व्हॅम्पायर झालेल्या माणसाची कबुली आहे. जानेवारी १८७० मध्ये अमेरिकी लष्कराने मारायस नदीकाठी ब्लॅकफीट वस्तीवर हल्ला करून बायका, मुलं, म्हातारी माणसं मारली, त्या खऱ्या हत्याकांडाभोवती ही कादंबरी फिरते. जोन्सने नियम नवा घडवलाय : ज्याचं रक्त प्यावं, हळूहळू तसंच व्हायला लागतं. माणूसच राहायचं तर माणसांचं, आणि आपल्यासारखं राहायचं तर आपल्याच माणसांचं रक्त प्यायचं. हा नियम कळतो तिथे मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसले होते.

हे पुस्तक सुरुवातीला अडखळवतं. गुड स्टॅब प्राण्यांची नावं त्याच्या पद्धतीने घेतो, ब्लॅकहॉर्न म्हणजे अमेरिकी गवा (बायसन), आणि ती कोणी उलगडून सांगत नाही. शेजारी कागद ठेवून नावं टिपत चला, पुढे गरज पडत नाही. कोण बोलतंय हे प्रकरणाच्या डोक्यावर दिलंय, ते वाचल्याशिवाय पान उलटू नका. शिकारीची वर्णनं लांब आणि रक्ताळलेली आहेत, ती चाळली तरी चालतील. पाद्र्याच्या नोंदी मात्र चाळू नका, तो काय खातो, काय टाळतो, कशावरून विषय बदलतो, सगळं बघा. त्याने काय लपवलंय याचा अंदाज तुम्हाला कितव्या नोंदीत आला ते मला खाली सांगा, शेवट न फोडता.