आधी अर्ज लिहावा, मग ग्रंथ राहू द्यावा

वैद्यक किंवा सार्वजनिक आरोग्य या विषयावर एखादा साधार, चिकित्सक ग्रंथ लिहावा असे तुमच्या मनात आले असेल, तर सर्वप्रथम लेखणी खाली ठेवा. इतक्या वर्षांत जमवलेल्या नोंदी, जुन्या दप्तरांतून उतरवून घेतलेली टिपणे आणि उत्साहाच्या भरात लिहून झालेले पहिले प्रकरण हे सारे एका खोक्यात भरा आणि ते खोके नजरेआड करा. ग्रंथासाठी लागणारा वेळ अनुदानाशिवाय मिळत नाही, अनुदान अर्जाशिवाय मिळत नाही आणि अर्ज लिहायला घेतला की ग्रंथासाठी वेळ उरत नाही, हे त्रैराशिक ज्याला सुटले तोच या क्षेत्रात टिकतो. बाकीचे नुसते ग्रंथ लिहितात.

आश्रयदात्यापुढे हात पसरण्यात कमीपणा मानू नका, कारण ही परंपरा मोठी खानदानी आहे. आंद्रेआस व्हेसेलियसने मानवी शरीररचनेवरचा आपला भव्य सचित्र ग्रंथ १५४३मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सला अर्पण केला आणि लवकरच सम्राटाच्या पदरी वैद्य म्हणून त्याची वर्णी लागली. विल्यम हार्वेने १६२८मध्ये रक्ताभिसरणाचा सिद्धान्त मांडताना, हृदय जसे शरीराचे अधिष्ठान तसा राजा राज्याचे, असे इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सला अर्पणपत्रिकेतच सांगून टाकले. आजच्या अर्जांत ‘राष्ट्रीय उद्दिष्टांशी सुसंगती’ म्हणून जो रकाना असतो, तो हार्वेने असा एका उपमेत भरला होता. मात्र या दोघांनी एक चूक केली, ती तुम्ही करू नका. त्यांनी आधी ग्रंथ लिहिला आणि मग अर्पणपत्रिका. तुम्हाला अर्पणपत्रिका आधी लिहायची आहे, आणि तीही अशा समितीला उद्देशून, जिच्या सदस्यांची स्तुती करण्याची सोय त्या अर्जात कुठेही ठेवलेली नाही.

ज्यांनी आश्रय शोधला नाही त्यांची गत काय झाली, हे जॉन स्नोच्या उदाहरणावरून ध्यानात घ्या. पटकी (कॉलरा) दूषित हवेतून नव्हे तर पाण्यावाटे पसरते, असे सांगणारी लहानशी पुस्तिका या डॉक्टरने १८४९मध्ये लंडनमध्ये काढली आणि १८५५मध्ये तिची कितीतरी मोठी दुसरी आवृत्ती आणली, जिच्यात ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती झालेल्या मृत्यूंचा तो प्रसिद्ध नकाशा आहे. या ग्रंथापायी त्याने २०० पौंडांहून अधिक पदरमोड केली आणि त्यातले हाती परत आले ते अगदीच किरकोळ. आता क्षणभर अशी कल्पना करा की स्नोने रीतसर अर्ज केला असता. समितीतल्या बहुतेकांचा दूषित हवेवर विश्वास असल्यामुळे ‘प्रस्तावाला प्रस्थापित सिद्धान्ताचा आधार नाही’ हा पहिला शेरा ठरलेलाच होता. रोग पाण्यातून पसरतो तर पाण्यात नेमके काय आहे ते दाखवा, हा दुसरा शेराही तितकाच रास्त ठरला असता, कारण ते स्नोला दाखवता येत नव्हते. तिसऱ्या परीक्षकाने अर्जदाराची अर्हता तपासली असती आणि हे गृहस्थ मुळात भूल देण्यासाठी प्रसिद्ध आहेत, राणी व्हिक्टोरियाला १८५३मध्ये प्रसूतीच्या वेळी क्लोरोफॉर्म यांनीच दिला होता, तेव्हा साथीच्या रोगांवर लिहिण्याचा यांना अधिकार काय, असे विचारले असते. स्नोने सुधारित अर्ज पाठवला असता, त्याला भूलशास्त्राच्या इतिहासासाठी थोडी रक्कम मंजूर झाली असती आणि त्याच्या सांगण्यावरून काढला गेलेला ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचा दांडा जागच्या जागी राहिला असता. पद्धतशीरपणा म्हणतात तो हाच.

विषय निवडताना एक पथ्य कसोशीने पाळा. जे ज्ञान जगात आधीच विखुरलेले आहे ते गोळा करून, पारखून, त्याची सुसंगत मांडणी करण्याचा मोह टाळा. निधी देणाऱ्यांना नवी आकडेवारी आवडते. जुन्या आकडेवारीचा अर्थ लावणारा माणूस त्यांना फार तर पाहुणा वाटतो. वैद्यकाने उपचारांच्या आपल्या सगळ्या चाचण्यांचे चिकित्सक सार विषयवार काढून ते वेळोवेळी अद्ययावत ठेवण्याची व्यवस्था केली नाही, अशी खंत ब्रिटिश डॉक्टर आर्ची कॉक्रेन यांनी १९७९मध्ये व्यक्त केली होती. त्यांच्या नावाने १९९३मध्ये जगभरच्या अभ्यासकांचे एक जाळे उभे राहिले आणि नेमके तेच काम चिकाटीने करू लागले. ब्रिटनमधल्या त्याच्या आढावे घेणाऱ्या गटांना सरकारी संशोधन संस्थेकडून मिळणारा पायाभूत निधी मार्च २०२३मध्ये थांबला. दरम्यान इयन चाल्मर्स आणि पॉल ग्लासझियू यांनी २००९मध्ये असा अंदाज मांडला होता की वैद्यकीय संशोधनावरची ८५ टक्क्यांच्या आसपास गुंतवणूक वाया जाते, आणि आधी काय माहीत आहे ते नीट न पाहताच नवे प्रयोग हाती घेणे हे त्यांनी त्याचे एक कारण दिले होते. या निष्कर्षावरून काय करावे हे तुम्हाला कळलेच असेल. वाया जाणाऱ्या संशोधनावर नवे संशोधन सुरू करण्याचा प्रस्ताव द्या; वाचन करण्याचा प्रस्ताव देऊ नका.

अर्थात निव्वळ लेखनासाठी कुठेच पैसा नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाला १९६५च्या वैद्यकीय ग्रंथालय साहाय्य कायद्याने अनुदाने देण्याचा अधिकार मिळाला. १८३६मध्ये लष्कराच्या सर्जन जनरलच्या कचेरीतल्या फळीभर पुस्तकांपासून वाढत गेलेल्या या ग्रंथालयाने ग्रंथाएवढ्या लांबीच्या विद्वत्तापूर्ण लेखनासाठी, म्हणजे चिकित्सक आढावे, इतिहास आणि ज्ञानाची उपयुक्त संकलने यांसाठी, एक स्वतंत्र योजना चालवली. तिच्यात थेट खर्चाची मर्यादा वर्षाला ५०,००० डॉलर आणि मुदत जास्तीत जास्त तीन वर्षे. आता हे ग्रंथालय ज्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या छत्राखाली येते, त्याच संस्थांच्या नेहमीच्या संशोधन प्रकल्पात वर्षाला २,५०,००० डॉलरपर्यंतचा थेट खर्च बारीकसारीक हिशेब न देता, २५,००० डॉलरच्या ठोक हप्त्यांत मागता येतो. यात पक्षपात शोधू नका. उंदरांना पिंजरे लागतात, खाद्य लागते, सांभाळायला माणूस लागतो. लेखकाला यांतले फक्त शेवटचे दोन लागतात आणि तेही तो संसारातून भागवतो असे गृहीत धरलेले असते.

आता प्रत्यक्ष अर्जाकडे वळू. राष्ट्रीय आरोग्य संस्थांचा नियम अक्षर किमान ११ पॉइंटचे आणि चहूबाजूंचा समास किमान अर्धा इंच असावा असा आहे, आणि उद्दिष्टांसाठी एकच पान मिळते. एका पानात मावणार नाही असा विचार तुमच्यापाशी असेल तर तो आधी बारीक चिरून घ्या. पण अर्जाची खरी कसोटी पुढे आहे. अभ्यासाअंती काय आढळेल, हे अभ्यास सुरू होण्यापूर्वी तुम्हाला खात्रीने सांगता आले पाहिजे. माझ्या स्वतःच्या एका प्रस्तावावर एका परीक्षकाने ‘अपेक्षित निष्कर्ष स्पष्ट नाहीत’ असे लिहिले होते. पुढच्या खेपेस मी ते स्पष्ट केले, तेव्हा दुसऱ्याने ‘निष्कर्ष ठाऊक असतील तर अभ्यासाचे प्रयोजन काय’ असे विचारले. दोघांचेही म्हणणे बिनतोड होते, म्हणून मी दोघांचेही आभार मानून नवा विषय घेतला. यातून वाट काढण्याचा अनुभवी मंडळींचा उपाय साधा आहे: ग्रंथ आधीच गुपचूप लिहून काढावा, त्यातली अर्धी प्रकरणे ‘प्राथमिक काम’ म्हणून दाखवावीत, उरलेल्या अर्ध्यांना ‘नियोजित काम’ म्हणावे आणि मिळालेला पैसा व वेळ पुढच्या ग्रंथाच्या गुपचूप लेखनासाठी वापरावा. ज्याला पहिला ग्रंथ पैशावाचून लिहिता येत नाही त्याची मात्र या व्यवस्थेत पंचाईत होते. परंतु अनुदान गरजूंसाठी असते असे तुम्हाला कोणी सांगितले?

अंदाजपत्रकात ‘शांतपणे बसून वाचण्यासाठी चौदा महिने’ असे खरे खरे लिहिण्याचा वेडेपणा करू नका, कारण कामाला यंत्र लागत नसेल तर ते काम नसून छंद असावा अशी शंका समितीला येते. त्याऐवजी कार्यशाळा, सल्लागार मंडळ, संकेतस्थळ आणि ‘ज्ञानप्रसार योजना’ घाला. परिणामांच्या रकान्यात रुग्णांचे प्राण वाचतील असे सूचित करा. एकोणिसाव्या शतकातल्या सुईणींच्या परवान्यांवर लिहीत असलात तरी संकोच बाळगू नका, कोणाचे ना कोणाचे वाचतीलच. नियतकालिकांचा प्रभावांक, म्हणजे त्यांतल्या लेखांचे सरासरी किती दाखले इतरत्र दिले जातात तो आकडा, हा लेखकाच्या योग्यतेचे माप मानू नये, असे संशोधनाच्या मूल्यमापनाविषयीच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या जाहीरनाम्याने २०१२मध्ये निक्षून सांगितले. ग्रंथाला मुळात प्रभावांकच नसतो, त्यामुळे तो जाहीरनामा आणि त्याकडे होणारे दुर्लक्ष या दोन्हींपासून तुम्ही सारखेच सुरक्षित आहात.

परीक्षणाच्या शास्त्रशुद्धतेविषयी तर निश्चिंत असावे. राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या पद्धतीत परीक्षक १ ते ९ असे गुण देतात आणि त्यांत १ हा सर्वोत्तम, म्हणजे शाळेत ज्यांचे गणित कच्चे होते त्यांना इथे प्रथमच घरच्यासारखे वाटते. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४३ परीक्षकांकडून २५ अर्ज तपासून घेण्यात आले. एकाच अर्जाविषयी दोन परीक्षकांचे जितके जुळत होते, तितकेच दोन वेगळ्या अर्जांविषयी दोन वेगळ्या परीक्षकांचेही जुळत होते, असे त्यात दिसून आले. न्यूझीलंडच्या आरोग्य संशोधन परिषदेने तर २०१३पासून आपल्या एका योजनेत पात्र अर्जांमधून सरळ चिठ्ठ्या टाकायला सुरुवात केली, आणि ही गोष्ट कोणत्याही अर्जात चुकूनही लिहू नका. चिठ्ठीत नाव निघाले नाही तर माणूस नशिबाला दोष देऊन कामाला लागतो. नकारपत्रात तीन परिच्छेदांची कारणे असली की तो ती गंभीरपणे वाचतो, महिनाभर खचतो आणि मग अर्ज सुधारतो, आणि एवढा परिणाम साधणारे वैद्यकीय लेखन दुसरे क्वचितच असेल.

हे सुधारणे किती चालते, त्याचा हिशेबही कोणीतरी मांडून ठेवला आहे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेकडे २०१२च्या फेरीत ३,७२७ प्रस्ताव आले. ते तयार करण्यात संशोधकांची मिळून सुमारे ५५० कामाची वर्षे गेली, दर अर्जामागे सरासरी ३४ कामाचे दिवस, आणि पाचांपैकी जेमतेम एका अर्जाला यश आले. अर्जावर जास्त वेळ घालवल्याने यशाची शक्यता वाढत नाही, हेही त्याच अभ्यासात निघाले. ५५० वर्षे म्हणजे व्हेसेलियसच्या ग्रंथापासून आजपर्यंतच्या काळाहून अधिक. एवढ्या वेळात किती ग्रंथ लिहून झाले असते, असला क्षुद्र हिशेब तुम्ही करत बसू नका. उलट उत्पादकता वाढवा. यंत्राकडून अर्ज लिहून घेण्याची नामी युक्ती मात्र आता हातची गेली आहे, कारण राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी सप्टेंबर २०२५पासून मुख्यतः कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेले अर्ज नाकारण्याचे आणि एका प्रमुख संशोधकाला वर्षाला सहाच अर्ज करू देण्याचे धोरण लागू केले. मर्यादा सहाची घालावी लागली, यावरून तिच्याआधी काय चालले असेल याचा अंदाज यावा. परीक्षकांना तर यंत्राची मदत घेण्यास २०२३मध्येच मनाई झाली. ते बिचारे अजून हातानेच गैरसमज करून घेतात.

दैवयोगाने अनुदान मिळालेच, तर त्यातला संस्थेचा वरखर्च, लेखापरीक्षणाचे कागद आणि प्रगती अहवाल यांविषयी इथे विस्ताराने लिहीत नाही; त्यासाठी वेगळ्या अनुदानाची गरज पडेल. प्रकाशनाविषयी मात्र दोन शब्द सांगतो. वैद्यकीय संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या ब्रिटनमधल्या वेलकम ट्रस्टने २०१३मध्ये आपले मुक्त प्रवेशाचे धोरण ग्रंथांनाही लागू केले. विचार उदात्त आहे, कारण ज्ञान सर्वांना फुकट मिळावे. फक्त वाचकाने न दिलेले पैसे प्रकाशकाला कोणीतरी द्यावे लागतात. म्हणजे स्नोप्रमाणे लेखकाच्याच बाजूने पैसे मोजले जातात. प्रगती एवढीच की आता त्याची पावती मिळते आणि ती अहवालाला जोडता येते.

शेवटच्या अहवालात ‘या अनुदानातून निष्पन्न झालेले लेखन’ असा रकाना असेल. तो कोरा ठेवू नका. मूळ अर्ज, सुधारित अर्ज, परीक्षकांना दिलेली उत्तरे, अंदाजपत्रकाची समर्थने, प्रत्येक वर्षाचे अहवाल यांच्या पानांची बेरीज करा. नियोजित ग्रंथाच्या पानांहून ती सहसा जास्तच भरते. मग मुदतवाढ मागा. त्या अर्जासोबत एक नमुना प्रकरण जोडावे लागते, तेव्हा सुरुवातीला नजरेआड केलेले ते खोके शोधून काढा, पहिले प्रकरण तेवढे बाहेर घ्या आणि झाकण पुन्हा नीट लावा. खालच्या नोंदी वाचत बसलात तर अर्जाची तारीख हुकेल.